मशरूमच्या देठांपासून रक्त थांबवणारा स्पंज : प्रकल्प नोंदी

१० जून २०२४, सोमवार

मंजुरीचं पत्र आलं. काम असं: बटन मशरूमच्या टाकाऊ देठांतून कायटोसान (टरफलांत आणि बुरशीत असणाऱ्या कायटिनपासून मिळणारा पदार्थ) काढायचं आणि त्याचा स्पंज बनवायचा. दात काढल्यावर तो खड्ड्यात दाबला की रक्त थांबलं पाहिजे. डेंटल कॉलेजातले डॉक्टर सुरुवातीपासून बरोबर आहेत. अ‍ॅस्पिरिन किंवा वॉरफरिन अशा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेले पेशंट त्यांच्याकडे सारखे येतात. गोळ्या थांबवायला हृदयाचे डॉक्टर राजी नसतात, मग पेशंट बोळा चावत खुर्चीत बसून राहतो.

कायटोसानचे पॅड ही काही नवी गोष्ट नाही. कोळंबीच्या टरफलांपासून केलेले पॅड अमेरिकन सैन्याने इराक-अफगाणिस्तानात वापरले, आपल्याकडेही कायटोसानचे पॅड विकत मिळतात. मग मशरूम कशाला? प्रस्तावात मी पहिलं कारण अ‍ॅलर्जीचं लिहिलं होतं, मॅडमनी ते खाली ढकलायला लावलं. कोळंबी-खेकड्याची अ‍ॅलर्जी मुख्यतः ट्रोपोमायोसिन या स्नायूतल्या प्रथिनाची असते, कायटिनची नाही. नीट शुद्ध केलेल्या मालात ते प्रथिन उरायलाच नको. जाहिरातीत हा मुद्दा चालतो, प्रस्तावात नको, असं त्यांचं म्हणणं आणि ते पटलं.

पटणारी कारणं दोन. टरफलांत कॅल्शियम कार्बोनेट खच्चून भरलेलं असतं, ते काढायला आम्ल ओतावं लागतं. बुरशीच्या पेशीभित्तिकेत ते जवळपास नसतंच. दुसरं, कोळंबीचा माल हंगामावर आणि कुठल्या समुद्रातला यावर बदलतो. मशरूम वातानुकूलित खोलीत वर्षभर एकाच पद्धतीने पिकतं.

तिसरं कारण डॉक्टरांनी फोनवर सांगितलं. "हे कशाचं आहे?" असं पेशंट विचारतातच, आणि कोळंबी म्हटल्यावर काहींचं तोंड मिटतं. मशरूम म्हटलं की बहुतेकांचं भागेल. जैन पेशंटांचं नाही भागणार, त्यांना मशरूमही वर्ज्य. म्हणून पाकिटावर नुसता हिरवा ठिपका देऊन मोकळं होता येणार नाही, "मशरूमपासून" हे शब्द लागतील.

नोंदीसाठी: कायटिन सापडलं तेच मुळी मशरूममध्ये. फ्रान्सच्या आंरी ब्राकोनोने १८११ मध्ये ते वेगळं केलं. कीटकांच्या कवचातलं १८२३ चं. ते अल्कलीत उकळल्यावर आम्लात विरघळायला लागतं हे रूजेने १८५९ मध्ये दाखवलं. आपण अजून तेच करतोय, फक्त थर्मामीटर बरे आहेत.

१४ जून, शुक्रवार

फार्मवर जाऊन आले. तोडणी करणाऱ्या बायका एका हाताने मशरूम पिळून उपटतात आणि दुसऱ्या हातातल्या सुरीने देठाचं बूड उडवतात. ती बुडं क्रेटमध्ये पडतात आणि संध्याकाळी खड्ड्यात जातात. फार्मवरचे काका म्हणाले, हवं तेवढं न्या, फक्त रोज न्या, इथे ठेवू नका, माश्या होतात.

क्रेटमध्ये हात घातल्यावर एक गोष्ट लक्षात आली, जी कुठल्याही पेपरात ठळकपणे लिहिलेली आढळली नव्हती. बुरशीत कॅल्शियम नाही हे खरं, पण बुडाला केसिंगची माती (कंपोस्टवर पसरलेला थर) चिकटलेली असते, आणि केसिंगचा सामू (पीएच) वर ठेवायला त्यात चुनखडी मिसळतात. म्हणजे जे आम्ल टाळायला मशरूमकडे आलो ते मागच्या दाराने परत येणार. काकांना विचारलं, बूड दोन तुकड्यांत कापता येईल का, मातीचं टोक वेगळं आणि पांढरा भाग वेगळा? बायकांच्या वेगावर परिणाम होतो, म्हणाले. किलोमागे थोडे पैसे ठरवले, मग जमलं.

दुसरी अडचण रंगाची. कापलेला देठ तासाभरात तपकिरी व्हायला लागतो. टायरोसिनेज हे एन्झाइम आपलं काम करतं आणि पुढे तयार होणारं मेलॅनिन अल्कलीतही सहज जात नाही. फार्मवरच उकळत्या पाण्यात दोन मिनिटं बुडवून बर्फात आणायचं ठरवलं.

कॅडमियम तपासायचं आहे, हे आत्ताच लिहून ठेवते. अ‍ॅगॅरिकस या बटन मशरूमच्या प्रजातीतल्या काही जंगली जाती जमिनीतलं कॅडमियम ओढून घेतात. लागवडीच्या मशरूमचं प्रमाण कमी असतं, पण वैद्यकीय उपकरणाच्या फाइलला "असतं" चालत नाही, आकडा लागतो.

१८ जून, मंगळवार

आज बैठकीत पुन्हा तोच विषय: मशरूमच का, दुसरी बुरशी का नाही. ज्युनियरने ऱ्हायझोपस या बुरशीचा आग्रह धरला. त्याचं म्हणणं शास्त्रदृष्ट्या चूक नव्हतं. म्युकर-ऱ्हायझोपस गटाच्या पेशीभित्तिकेत कायटोसान आयतंच असतं. बार्टनिकी-गार्सिया आणि निकरसन यांनी १९६२ मध्ये म्युकर रॉक्सीच्या भित्तिकेचं पृथक्करण केलं तेव्हापासून हे माहीत आहे. म्हणजे तीव्र कॉस्टिक सोड्यात शिजवायची पायरीच वाचते. बुरशीचं कल्चरही इथेच, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या (एनसीएल) एनसीआयएम या सूक्ष्मजीवांच्या संग्रहातून घेता येतं. शिवाय इंडोनेशियात याच बुरशीवर टेंपे आंबवून खातात.

डॉक्टर शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "एकवीसच्या उन्हाळ्यात आम्ही वरचे जबडे काढलेत. त्या बुरशीपासून केलेलं काही मी पेशंटच्या तोंडात ठेवणार नाही, आणि ठेवलं तर नातेवाईक मला ठेवणार नाहीत."

बैठक तिथेच संपली म्हणायला हरकत नाही. कोविडनंतरच्या म्युकरमायकोसिसमध्ये महाराष्ट्राने काय पाहिलं ते सगळ्यांना आठवतं, आणि भारतातल्या त्या रुग्णांत सर्वांत जास्त सापडलेली बुरशी ऱ्हायझोपस अ‍ॅऱ्हायझस, जिचं दुसरं नाव ऱ्हायझोपस ओरायझी. कॉस्टिकमध्ये शिजलेल्या मालात जिवंत काही उरत नाही, हे डॉक्टरांनाही कळतं. पण ती लिटरभर वाढवायची तर आपल्याच इमारतीत, जिथे खालच्या मजल्यावर मधुमेही मंडळीही काम करतात. मला हा निर्णय भावनिक वाटत नाही.

अ‍ॅस्परजिलस नायगरचा पर्याय नोंदवून ठेवला. सायट्रिक आम्लाच्या कारखान्यात तिचं मायसेलियम टनांनी उरतं आणि बेल्जियमच्या कायटोझाइमने त्यावरच व्यवसाय उभा केला. आपल्या पल्ल्यात तसा कारखाना नाही. देठ आहेत.

तैवानचं जुनं काम मॅडमनी दाखवलं: गॅनोडर्मा सुगे या छत्रीचा अर्क काढून उरलेला चोथा, रंग घालवून, लगद्यासारखा पसरून त्वचेचा पर्याय म्हणून वापरलेला. सॅकाकायटिन, १९९७. त्यांनी कायटोसान काढलंच नाही, कायटिन आणि ग्लुकन (पेशीभित्तिकेतली ग्लुकोजची लांब साखळी) जसं होतं तसंच ठेवलं. तेव्हा हे मी नुसतं वाचून बाजूला ठेवलं.

२६ जून, बुधवार

पहिली मोठी खेप. ओल्या देठात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच, त्यामुळे पोतंभर आणलं तरी वाळल्यावर डबाभर. दळून एक मोलर कॉस्टिक सोड्यात ९५ अंशांवर. प्रथिनं आणि अल्कलीत विरघळणारं ग्लुकन निघून जातं, उरलेला गाळ आपला. फेस एवढा येतो की भांडं निम्मंच भरावं लागतं.

वेळखाऊ भाग धुण्याचा. गाळ जेलीसारखा फुगतो, फिल्टर पेपर पाच मिनिटांत बंद. मलमलीतून गाळायचं, मग सेंट्रिफ्यूज, मग परत पाणी, सामू सातवर येईपर्यंत. लॅबमधले मामा म्हणाले, "मॅडम, हे चक्का बांधल्यासारखं टांगून ठेवा रात्रभर." टांगलं. सकाळी अर्धं काम झालेलं होतं.

डीअ‍ॅसिटिलेशन (कायटिनवरचे अ‍ॅसिटिल गट काढून कायटोसान करणं) पन्नास टक्के कॉस्टिकमध्ये, ११० अंश. काचेच्या भांड्यात करायचं नाही, कॉस्टिक काच खातं. टेफ्लॉनचं अस्तर असलेलं स्टीलचं भांडं मागवलंय. वरून नायट्रोजन सोडायचा, कारण हवेतल्या ऑक्सिजनने साखळ्या तुटतात आणि तुटलेल्या साखळीचा स्पंज भुसभुशीत होतो.

१ जुलै, सोमवार

पालख्या पुण्यात. रस्ते बंद, फार्मची गाडी आली नाही. कागदपत्रं केली.

९ जुलै, मंगळवार

शिजवलेला गाळ दोन टक्के अ‍ॅसिटिक आम्लात. विरघळलं ते कायटोसान, सामू नऊ-दहावर नेलं की पांढरे पुंजके होऊन खाली बसतं. उतारा कमी, वाळलेल्या देठाच्या काही टक्केच. वाङ्मयातही बुरशीच्या कायटोसानचा उतारा असाच कमी येतो, त्यामुळे निराश व्हायचं कारण नाही. पण न विरघळलेला चोथा उताऱ्यापेक्षा कितीतरी जास्त, आणि तो टाकवत नाही.

एफटीआयआर, म्हणजे अवरक्त किरणांनी रेणूतले गट ओळखणारी चाचणी. १६५५ ची अमाइड पट्टी उतरलेली, १५९० ला अमाइन वर आलेलं, म्हणजे अ‍ॅसिटिल गट निघालेत. आणि ८९० ला छोटा, हट्टी उंचवटा. तो साखरेच्या कड्या जोडणाऱ्या बीटा जोडणीचा. कायटोसानमध्येही ती जोडणी असतेच, म्हणून एवढ्यावरून ग्लुकन आहे असं म्हणता येत नाही. पण मशरूमच्या भित्तिकेत कायटिनची टोकं बीटा-१,३-ग्लुकनला सहसंयुज बंधाने जोडलेली असतात, नुसती गुंतलेली नसतात. अल्कलीत धुतलं म्हणून ते सुटणार कसं? ग्लुकनचं किट मागवलं आहे.

१९ जुलै, शुक्रवार

किटचा निकाल: ग्लुकन आहे. विरघळलेल्या भागातही, दुर्लक्ष करता येईल इतकं कमी नाही.

ज्युनियरला ते काढायचंय. ग्लुकनेज एन्झाइम, किंवा पुन्हा आम्लातून काढून पुन्हा खाली बसवायचं. दोन्ही करून पाहू. मॅडमचा प्रश्न वेगळा: "काढायचं का, हे आधी ठरवा." नॉर्वेतल्या एका कंपनीचं यीस्टच्या बीटा-ग्लुकनचं जेल युरोपात न भरणाऱ्या जखमांसाठी विकलं गेलेलं आहे. मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशीवरचा डेक्टिन-१ हा रिसेप्टर ग्लुकन ओळखतो आणि पेशी कामाला लागते. एकाच्या मालातला कचरा दुसऱ्याच्या ट्यूबमध्ये औषध म्हणून भरलेला आहे.

२५ जुलै, गुरुवार

रात्रभर पाऊस. खडकवासल्यातून पाणी सोडलं, सिंहगड रोडच्या सोसायट्यांत शिरलं. अर्धी लॅब आलीच नाही. फ्रीज ड्रायरमध्ये (द्रावण गोठवून सुकवणारं यंत्र) स्पंज होते. गुरुवारी लाइट जाते हे गृहीत धरून मामांनी तो आधीच जनरेटरच्या लाइनवर घेतला होता, म्हणून वाचले.

त्या स्पंजांबद्दल: उणे २० ला सावकाश गोठवलेल्यांची छिद्रं मोठी, उणे ८० ला झटकन गोठवलेल्यांची बारीक. बोटाने दाबल्यावर मोठ्या छिद्रांचा स्पंज परत उठतो, बारीक छिद्रांचा दबलेला राहतो. दाताच्या खड्ड्यासाठी पहिला. डॉक्टरांनी चिमट्यात धरून पाहिला, "तुटत नाही ना? मग ठीक."

१३ ऑगस्ट, मंगळवार

आजचा वाद आम्लाचा. अ‍ॅसिटिक आम्लात विरघळवून सुकवलेला स्पंज म्हणजे कायटोसानचं अ‍ॅसिटेट. तो रक्ताला लागला की लगेच चिकट होतो, दाताच्या खड्ड्यात घट्ट बसतो, आणि अमाइन गटांवर धनभार असल्यामुळे ऋणभारित लाल पेशी त्याला येऊन चिकटतात. हवं ते हेच. पण त्यातलं आम्ल बाहेर पडतं आणि आजूबाजूच्या पेशींना झोंबतं. अल्कोहोलमधल्या पातळ कॉस्टिकने आम्ल मारलं तर स्पंज सौम्य होतो, पण रक्तातल्या ७.४ सामूला अमाइनवरचा भारही बराच उतरतो, कारण कायटोसानचा पीकेए (ज्या सामूला निम्मे अमाइन गट भारित असतात) साडेसहाच्या आसपास. चिकटपणा गेला.

मधला मार्ग: स्पंज निर्वात ओव्हनमध्ये तापवून सैल आम्ल उडवायचं, मीठरूप तसंच ठेवायचं. किती उडालं ते वजनावरून नाही, सलाइनमधल्या अर्काच्या सामूवरून ठरवायचं.

३० ऑगस्ट, शुक्रवार

पेशींची चाचणी, आयएसओ १०९९३-५ या वैद्यकीय उपकरणांच्या प्रमाणकाप्रमाणे. उंदराच्या एल-९२९ पेशी राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या (एनसीसीएस) संग्रहातल्या. स्पंज माध्यमात ३७ अंशांवर २४ तास, मग तो अर्क पेशींवर. इथे एक खोच आहे: स्पंज स्वतःच माध्यम पिऊन टाकतो आणि नळीत अर्क उरतच नाही. प्रमाणकात याची सोय आहे, आधी किती शोषतो ते मोजायचं आणि तेवढं माध्यम वरून जास्त घालायचं. न घालता केलेला अर्क घट्ट होतो आणि चांगला माल विषारी ठरतो.

न तापवलेल्या स्पंजाचा अर्क नळीतच पिवळा पडला. पुढे वाचायची गरज नव्हती, माध्यमातल्या फिनॉल रेड या आम्लात पिवळ्या पडणाऱ्या रंगाने निकाल सांगितला होता, पण पद्धत म्हणून चाचणी पूर्ण केली: पेशी मेल्या. आम्ल मारलेला पूर्ण सौम्य. तापवलेला ७० टक्क्यांच्या रेषेच्या आरामात वर. ७० च्या खाली जिवंत पेशी गेल्या की प्रमाणक त्याला पेशीविषारी म्हणतं. तापवलेलाच पुढे न्यायचा.

२३ सप्टेंबर, सोमवार

विसर्जनानंतर पहिला कामाचा आठवडा. नैतिक समितीच्या परवानगीने दात्यांचं, गोठू नये म्हणून सायट्रेट घातलेलं रक्त मिळालं. कॅल्शियम घालून परत गोठू द्यायचं, ठरल्या वेळी पाणी सोडायचं, न गोठलेल्या पेशी फुटून पाण्याला जो लाल रंग येतो तो मोजायचा. पाणी जितकं फिकं तितकी गुठळी पक्की.

गॉझपेक्षा आपला स्पंज सरळ पुढे. गोठणं रोखणारं हेपारिन घातलेल्या रक्तात गॉझचं पाणी लालभडक, आपलं बरंच फिकं. या प्रकल्पाचा जीव यात आहे: कायटोसान गोठण्याच्या घटकांच्या साखळीवर विसंबत नाही, लाल पेशी थेट गोळा करतं. वॉरफरिनवरच्या पेशंटला तेच हवंय. हिमोलिसिसही केलं, दोन टक्क्यांच्या आत, म्हणजे एएसटीएम या प्रमाणक संस्थेच्या निकषाने रक्तपेशी न फोडणारं.

डॉक्टरांनी विचारलं, मशरूम जखमेला लावायची कल्पना कुठून आली. कायटिनच्या आधीची आहे. युरोपात भूर्जावर वाढणाऱ्या फोमेस फोमेंटेरियस या छत्रीचा मऊ गर न्हावी आणि शल्यवैद्य रक्त थांबवायला वापरत. आल्प्समधल्या बर्फात १९९१ मध्ये सापडलेल्या, ५,३०० वर्षांपूर्वीच्या ओत्झी या गोठलेल्या माणसाजवळही ही छत्री होती, बहुधा विस्तवासाठी.

८ ऑक्टोबर, मंगळवार

बाहेरच्या लॅबमधून एंडोटॉक्सिनचा (ताप आणणारं जिवाणूंचं विष) अहवाल आला. मर्यादा एका उपकरणामागे २० एकक. आपला आकडा त्याच्या कितीतरी पट. शेरा: अपात्र.

ज्युनियरचा चेहरा पडला. मला मात्र आकड्यावरच विश्वास बसेना. एंडोटॉक्सिन म्हणजे ग्राम-निगेटिव्ह जिवाणूंच्या आवरणातलं लिपोपॉलिसॅकराइड. ते उष्णतेला दाद देत नाही, पण गरम, तीव्र अल्कलीत त्याचा फडशा पडतो. भांडी एंडोटॉक्सिनमुक्त करायला लोक कॉस्टिकच वापरतात. आपला माल तर पन्नास टक्के कॉस्टिकमध्ये शिजून आलाय. शिरलंच असेल तर नंतर, धुण्याच्या पाण्यातून. पण एवढं?

चाचणी एलएएल, म्हणजे लिम्युलस या नालखुरी खेकड्याच्या रक्तपेशींचा अर्क. नावात खेकडा असला तरी नात्याने तो कोळ्यांच्या जवळचा. त्याच्या रक्तात गुठळी सुरू करणारे दोन दरवाजे आहेत. फॅक्टर सी एंडोटॉक्सिनने उघडतो. फॅक्टर जी उघडतो बीटा-१,३-ग्लुकनने. आत शिरल्यावर वाट एकच, शेवटी तीच गुठळी. बाहेर बसलेल्याला कळायला मार्ग नाही की कोण आलं.

म्हणजे आपण जुलैमध्ये किटवर पाहिलेलं ग्लुकन इथे एंडोटॉक्सिन बनून उभं आहे.

समुद्रातल्या प्राण्यांचा संबंध नको म्हणून मशरूम निवडलं, आणि माल पास करायला परत समुद्रातल्याच प्राण्याचं रक्त!

१७ ऑक्टोबर, गुरुवार

तेच नमुने तीन तऱ्हांनी: साधं एलएएल, ग्लुकन रोखणारा बफर घातलेलं एलएएल, आणि जनुकीय तंत्राने बनवलेला रिकॉम्बिनंट फॅक्टर सी, ज्यात फॅक्टर जी नसतोच आणि कुठल्या खेकड्याचं रक्तही नाही. साध्याचा आकडा पूर्वीसारखाच आभाळात. बाकी दोघांचे खाली आणि एकमेकांच्या जवळ.

इथे थांबून पास लिहिलं असतं तर अहवाल सुंदर दिसला असता. पण कायटोसान धनभारित आहे आणि एंडोटॉक्सिन ऋणभारित. कायटोसान त्याला कवेत घेतं आणि चाचणीच्या नजरेआड करतं. पाण्यातलं एंडोटॉक्सिन काढायला कायटोसान वापरण्यावर संशोधन झालेलं आहे. म्हणून नमुन्यात मुद्दाम माहीत असलेलं एंडोटॉक्सिन टाकून किती परत मिळतं ते पाहिलं. ५० ते २०० टक्के परत मिळालं तर चाचणी ग्राह्य. दाट अर्कात मिळालंच नाही, ५० च्या खूप खाली. अर्क पातळ करत नेला तेव्हा कुठे मर्यादेत आलं.

म्हणजे एकाच स्पंजातलं ग्लुकन आकडा फुगवतं आणि कायटोसान आकडा दाबतं. दोघांनी मिळून योगायोगाने बरोबर आकडा दिला असता तर कोणाला शंकाही आली नसती. बुरशीच्या कायटोसानवर "एलएएल पास" एवढंच लिहिलेला अहवाल कोणी दाखवला, तर आता मी पहिल्यांदा विचारणार की कोणत्या पातळीवर, कोणत्या बफरात, आणि परतावा किती.

योग्य पातळीवर, रिकॉम्बिनंट फॅक्टर सीने: मर्यादेच्या आत, पण काठाला. ते थोडं खरं एंडोटॉक्सिन धुण्याच्या पाण्यातलं असणार. शेवटच्या धुण्यांना इंजेक्शनचं पाणी वापरायचं. महाग आहे, इलाज नाही. ओला गाळ रात्रभर टांगून ठेवणंही त्या टप्प्यानंतर बंद. मामांना कारण समजावलं.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

ग्लुकनेज दिलेल्या खेपेचा निकाल. ग्लुकन उतरलं, संपलं नाही. उतारा आणखी घटला, एन्झाइम हे नवीन प्रथिन मालात आलं आणि ते गेलं हे सिद्ध करायचं काम वाढलं. रक्ताच्या चाचणीत फरक शून्य.

मी लेखी मत दिलं: ग्लुकन काढायच्या मागे लागू नये. त्याचं प्रमाण दर खेपेला मोजावं, खालची-वरची मर्यादा ठरवावी आणि कागदावर मालाचं नाव "कायटोसान" न ठेवता "कायटोसान-ग्लुकन" ठेवावं. तैवानवाल्यांनी सत्ताविसेक वर्षांपूर्वी चोथा तसाच ठेवला होता, त्याचा अर्थ मला आत्ता लागतोय. शुद्धतेपेक्षा दर वेळी तेच असणं महत्त्वाचं. ज्युनियरला पटलेलं नाही. त्याचा मुद्दा: ग्लुकनने मॅक्रोफेज जागे होतात हे चांगलं, पण किती जागे? ताप आला तर? रास्त आहे. मानवी मोनोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींवरची पायरोजेन चाचणी यादीत घातली, तीत एंडोटॉक्सिनशिवायचे ताप आणणारे घटकही दिसतात.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

दिवाळीनंतर डॉक्टरांनी त्यांच्या हॉस्पिटलमधल्या संसर्गतज्ज्ञांशी गाठ घालून दिली. त्यांनी अर्ध्या तासात असा प्रश्न विचारला जो आमच्या कोणाच्या डोक्यात नव्हता. आयसीयूत शरीरात खोल बुरशीचा संसर्ग आहे का हे पाहायला रक्तातलं बीटा-डी-ग्लुकन मोजतात. सर्वांत रुळलेल्या किटमध्ये ८० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि त्यावर पॉझिटिव्ह. तुमचा स्पंज दाताच्या ताज्या जखमेत बसलेला असताना कोणी ही चाचणी केली तर? सर्जरीतल्या गॉझमुळेसुद्धा ही चाचणी खोटी पॉझिटिव्ह आल्याची उदाहरणं आहेत, कारण सेल्युलोजच्या मालातूनही ग्लुकन सुटतं. तुमचा तर थेट बुरशीचाच. केमोथेरपीवरच्या पेशंटला नको असलेलं बुरशीविरोधी औषध सुरू होईल.

वापराच्या सूचनांत एक ओळ वाढली आणि प्राण्यांवरच्या अभ्यासाच्या प्रस्तावात रक्तातलं ग्लुकन ठरावीक वेळांनी मोजायचं घातलं.

जाता जाता त्यांनी सांगितलं की म्युकरमायकोसिसमध्ये ही चाचणी सहसा निगेटिव्ह येते, त्या गटाच्या भित्तिकेत हे ग्लुकन नगण्य असतं. म्हणजे ऱ्हायझोपसचं कायटोसान घेतलं असतं तर ऑक्टोबरचा सगळा घोळ बहुधा टळला असता. ज्युनियरने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. डॉक्टरांचं जूनमधलं उत्तर अजूनही मला मान्य आहे.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

गॅमा किरणांनी निर्जंतुक करायला पाठवलेले नमुने परत आले. किरणांचा मारा ट्रॉम्ब्यात, आयसोमेडमध्ये. १९७४ मध्ये सुरू झालेलं देशातलं पहिलं असं केंद्र, कोबाल्ट-६०. मात्रा नेहमीची, २५ किलोग्रे. स्पंज दिसायला तसाच, किंचित पिवळसर. विरघळवून पाहिला तर द्रावणाची श्यानता (दाटपणा) निम्म्याच्याही खाली. साखळ्या तुटल्या. बुरशीच्या कायटोसानची साखळी मुळात टरफलाच्या मानाने आखूड, त्यात ही कात्री.

रक्त गोठवण्यात फरक जाणवला नाही, पण ओला झाल्यावर स्पंज लवकर विरतो. लाळेत लायसोझाइम असतं, ते कायटोसान कापतंच. खड्ड्यात किती वेळ टिकेल हे कृत्रिम लाळेत बघावं लागेल. उपाय दोन्ही टोकांनी: डीअ‍ॅसिटिलेशनची वेळ कमी करून लांब साखळीने सुरुवात करायची, आणि पाकिटात नायट्रोजन भरून, पूर्ण कोरडा स्पंज पाठवायचा. इथिलीन ऑक्साइड नको. सच्छिद्र मालात वायू अडकतो आणि त्याचे अवशेष मोजण्याची आणखी एक चाचणी मागे लागते.

६ डिसेंबर, शुक्रवार

वर्ग कोणता यावर सल्लागारांशी बोलणं. वैद्यकीय उपकरण नियम २०१७, अ ते ड. स्पंज जखमेत सोडून द्यायचा आणि शरीरात विरू द्यायचा, असा दावा केला तर वर्ग वर चढतो आणि चाचण्यांची यादी दुप्पट. रक्त थांबल्यावर चिमट्याने काढायचा, असा दावा केला तर वाट छोटी. डॉक्टर म्हणाले काढायलाच हवा, खड्ड्यात काही राहिलं की पेशंट जिभेने उकरतो.

म्हणून आता तो ओला झाल्यावरही अखंड निघाला पाहिजे. गॅमानंतरचा विरण्याचा प्रश्न यामुळे पहिल्या क्रमांकावर.

२० डिसेंबर, शुक्रवार

मालाचं मानक पत्र लिहून मॅडमना दिलं. उगम: अ‍ॅगॅरिकस बायस्पोरस, लागवडीचं, देठाचा वरचा पांढरा भाग. अ‍ॅसिटिल गटांचं प्रमाण, श्यानता गॅमाच्या आधी आणि नंतर, राख, कॅडमियम-शिसं-आर्सेनिक-पारा, प्रथिनांचे अवशेष, अर्काचा सामू. एंडोटॉक्सिन फक्त रिकॉम्बिनंट फॅक्टर सीने, पातळ करण्याचं प्रमाण आणि परतावा यांसह. बीटा-ग्लुकनच्या रकान्यात सुरुवातीच्या मसुद्यात "नाही" होतं. तिथे आता मर्यादा आहेत, दोन्ही बाजूंच्या. मॅडमनी खालच्या मर्यादेवर प्रश्नचिन्ह काढलंय: वरची कळते, पण कमी असलं तर बिघडलं कुठे? माझं उत्तर: अचानक कमी झालं तर देठ बदललेत किंवा शिजवणं बदललंय, आणि ते आपल्याला कळायला हवं. त्यांनी सही केली नाही अजून.

प्राणी नैतिक समितीची बैठक जानेवारीत. काकांना थंडीतल्या खेपेसाठी फोन केला. थंडीत लगीनसराईमुळे माल जास्त निघतो, देठही जास्त, पण तोडणीच्या बायका कमी असतात, तेव्हा कापून देणं जमेलच असं नाही म्हणाले. भाव वाढवून मागतायत. सोमवारी मॅडमशी बोलून कळवते.